पूर्वा भाद्रपदेच्या रेषेवरची ग्रहकुटुंबं

दुबई मरीनातून रात्रीचं आकाश पाहायचं तर आधी दिव्यांशी झगडावं लागतं. ४१३ मीटर उंचीच्या प्रिन्सेस टॉवरपासून पीळ दिल्यासारख्या दिसणाऱ्या कायान टॉवरपर्यंत सगळा परिसर उजळलेला असतो. कालव्याच्या पाण्यात तोच उजेड पुन्हा दिसतो आणि आकाशात मोजके ठळक तारेच उरतात. तरीही दिवाळीच्या दिवसांत रात्री आठ ते साडेनऊच्या दरम्यान दक्षिणेकडे तोंड करून मान पार वर केली, की जवळजवळ डोक्यावर चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन ओळखता येतो. हा भाद्रपदांचा चौकोन. त्याची पश्चिमेकडची, म्हणजे आपल्या उजव्या हाताची बाजू ज्या दोन ताऱ्यांनी बनते, त्या पूर्वा भाद्रपदा. ही बाजू सरळ खाली दक्षिणेकडे वाढवत नेली की क्षितिजापासून साधारण ३५ अंशांवर एक एकटा ठळक तारा भेटतो. तो फोमलहॉट, मराठी खगोलग्रंथांतला मीनास्य. उंच मजल्यावरच्या दक्षिणमुखी गॅलरीतून किंवा दोन टॉवरांच्या मधल्या मोकळ्या जागेतून तो मरीनातही दिसतो.

हात लांब करून मूठ धरली तर जेवढी रुंदी झाकली जाईल, तेवढ्याच पट्ट्यात या रेषेच्या आजूबाजूला आणखी पाच तारे आहेत: ग्लीझ ८७६, के२-१३८, ट्रॅपिस्ट-१, ५१ पेगासी आणि एचआर ८७९९. पृथ्वीपासून त्यांची अंतरं अगदी वेगवेगळी आहेत आणि एकमेकांशी त्यांचा काही संबंध नाही. आपल्या जागेवरून पाहताना ते एका ओळीत दिसतात, इतकंच. पण सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांचा, म्हणजे बाह्यग्रहांचा शोध कसा लागत गेला, त्याचे बहुतेक महत्त्वाचे टप्पे या ओळीत वाचायला मिळतात.

खात्रीशीर बाह्यग्रहांची संख्या सप्टेंबर २०२५ मध्ये ६,००० वर पोहोचली. हजाराच्या आसपास ताऱ्यांभोवती एकाहून अधिक ग्रह सापडले आहेत. खरा खजिना हाच आहे, असं मला वाटतं. एका ग्रहावरून फार तर त्याचा आकार, वस्तुमान आणि फेरीचा काळ कळतो. त्याच ताऱ्याभोवती दुसरा, तिसरा ग्रह सापडला की त्यांच्या परस्परांतल्या अंतरांवरून आणि ओढाताणीवरून ते कसे जन्मले, कुठून कुठे सरकले आणि वाटेत काय घडलं, याचा माग काढता येतो.

फोमलहॉट: मोजणीत चूक कशी होते

रेषेच्या तळापासून सुरुवात करू. फोमलहॉट आपल्यापासून फक्त २५ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याच्याभोवती धुळीचं मोठं कडं आहे. १३ नोव्हेंबर २००८ रोजी खगोलशास्त्रात दोन मोठ्या घोषणा झाल्या. त्यांतली एक अशी, की हबल दुर्बिणीच्या २००४ आणि २००६ च्या छायाचित्रांत या कड्यालगत एक ठिपका जागा बदलताना दिसतो आणि तो ग्रह आहे. पुढे त्याला 'डेगॉन' हे नावही मिळालं. पण हा ठिपका वर्षागणिक पसरत आणि फिकट होत गेला, आणि २०१४ पर्यंत तो दिसेनासा झाला. २०२० मध्ये आंद्राश गाश्पार आणि जॉर्ज रीकी यांनी सगळी छायाचित्रं पुन्हा तपासली. दोन हिमखडकाळ गोळ्यांची टक्कर होऊन उडालेल्या धुळीचा तो ढग होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

ग्रह गेला, पण ताऱ्याचं महत्त्व कमी झालं नाही. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं फोमलहॉटभोवती एकात एक अशी धुळीची तीन कडी दाखवली. कड्यांमधली मोकळी जागा साफ करणारे ग्रह तिथे असावेत, असा अंदाज आहे. रेषेवरचा सर्वांत तेजस्वी तारा अशा रीतीनं पहिला धडा देतो: प्रकाशाचा ठिपका दिसला की तो ग्रहच असेल असं नाही, आणि ग्रह दिसला नाही म्हणून तो नसेलच असंही नाही.

ग्लीझ ८७६: एकाच्या मागे लपलेला दुसरा

फोमलहॉटच्या वर, क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर ग्लीझ ८७६ आहे. अंतर अवघं १५ प्रकाशवर्षं, तरी हा लाल बटू तारा दहाव्या प्रतीचा, म्हणजे अगदी फिकट असल्यानं दुर्बिणीशिवाय दिसत नाही. सूर्याच्या एक तृतीयांश वस्तुमानाच्या या ताऱ्याभोवती १९९८ मध्ये दोन गटांना स्वतंत्रपणे एक मोठा ग्रह सापडला. लाल बटू ताऱ्याला ग्रह असल्याचं तेव्हा पहिल्यांदा कळलं.

ग्रह न पाहता तो सापडतो कसा? मोठी बहीण आणि चिमुरडी फुगडी खेळत असल्या, की चिमुरडी मोठा फेर घेते. पण मोठीही एका जागी स्थिर राहत नाही, तीही लहानसा फेर घेतेच. तारा आणि ग्रह असेच एका सामाईक बिंदूभोवती फिरतात. तारा आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जाताना लाल बाजूला. ही सरक मोजली की ताऱ्याचा वेग कळतो आणि वेगावरून ग्रहाचं वस्तुमान. गुरूमुळे सूर्याला मिळणारा वेग सेकंदाला साधारण १२ मीटर आहे. ग्लीझ ८७६ त्याच्या मोठ्या ग्रहामुळे सेकंदाला २०० मीटरहून जास्त वेगानं डुलतो. भारतातही हे तंत्र वापरात आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनं माउंट अबूच्या वेधशाळेत 'पारस' हा वर्णपटमापक बसवला आणि त्याच्या साहाय्यानं २०१८ मध्ये एका बाह्यग्रहाचं वस्तुमान मोजलं.

ग्लीझ ८७६ ची डुलण्याची पद्धत सुरुवातीला एकाच ग्रहानं समजावता येत होती. फक्त त्याची कक्षा बरीच लांबट मानावी लागत होती. मोजमापं वाढली तसा हिशेब जुळेना. २००१ मध्ये उलगडा झाला, की हे दोन ग्रह आहेत. बाहेरचा सुमारे ६१ दिवसांत एक फेरी करतो, तेवढ्यात आतला दोन फेऱ्या मारतो. फेऱ्यांचं हे गुणोत्तर इतकं नेटकं होतं की दोन ग्रहांची खूण एकाच लांबट कक्षेसारखी भासत होती. पुढे २००५ मध्ये दोन दिवसांहून कमी काळात फेरी पुरी करणारा छोटा ग्रह सापडला आणि २०१० मध्ये सुमारे १२४ दिवसांचा चौथा. बाहेरच्या तिघांच्या फेऱ्यांचे काळ १:२:४ या प्रमाणात आहेत. गुरूचे आयो, युरोपा आणि गॅनिमीड हे चंद्र याच प्रमाणात फिरतात. सूर्यमालेबाहेर तीन ग्रहांची अशी साखळी इथे पहिल्यांदा सापडली.

फेऱ्यांचे काळ अशा लहान पूर्णांकांच्या प्रमाणात बांधले जाणं म्हणजे अनुनाद. ठरावीक फेऱ्यांनंतर ग्रह पुन्हा पुन्हा त्याच जागी एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे त्यांची ओढ दर वेळी त्याच दिशेनं लागते आणि साचत जाते. तारा तरुण असताना त्याच्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी असते. तिच्यातून ग्रह हळूहळू आत सरकतात. पुढचा ग्रह थांबला किंवा मंदावला की मागचा त्याच्या अनुनादात अडकतो, मग त्यामागचा. वायू विरून गेल्यावर अनेक साखळ्या धक्क्यांनी तुटतात. म्हणून आजही शाबूत असलेली साखळी दिसली, की त्या कुटुंबात जन्मानंतर मोठी उलथापालथ झाली नाही, असं बऱ्याच विश्वासानं म्हणता येतं.

के२-१३८ आणि ट्रॅपिस्ट-१: सावल्यांचा हिशेब

ग्लीझ ८७६ च्या थोडं वर, कुंभ राशीत, के२-१३८ आणि ट्रॅपिस्ट-१ आहेत. हे दोघे इतक्या जवळ असण्यामागे काही अंशी एका दुर्बिणीचं नशीब आहे. नासाची केपलर दुर्बीण २००९ पासून आकाशाच्या एकाच तुकड्याकडे रोखलेली होती. २०१३ मध्ये तिला स्थिर ठेवणाऱ्या चाकांपैकी दुसरं चाक बंद पडलं. मग अभियंत्यांनी सूर्यप्रकाशाच्या दाबाचाच आधार घेऊन ती सांभाळली. पण त्यासाठी तिला क्रांतिवृत्तालगतचेच, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक वाटेलगतचेच पट्टे न्याहाळावे लागले. या दुसऱ्या डावाचं नाव के२. क्रांतिवृत्त कुंभेतून जातं, आणि के२ च्या बाराव्या मोहिमेत, डिसेंबर २०१६ ते मार्च २०१७ या काळात, हे दोन्ही तारे एकाच चौकटीत होते.

केपलरची पद्धत अधिक्रमणाची. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. दूरवरून सूर्याकडे पाहणाऱ्याला गुरूमुळे एक टक्का घट दिसेल, तर पृथ्वीमुळे एका टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. अशा बारीक घटी शोधण्याचं काम २०१७ मध्ये इंटरनेटवरून सामान्य लोकांच्या हाती देण्यात आलं. त्यांनीच के२-१३८ ची माळ शोधली. पूर्णपणे हौशी लोकांनी शोधलेली ही पहिली बहुग्रही माळ. तिच्यातल्या पाच ग्रहांच्या फेऱ्या २.३५, ३.५६, ५.४०, ८.२६ आणि १२.७६ दिवसांच्या आहेत. प्रत्येक काळ आधीच्याच्या जवळपास दीडपट आहे. नंतर ४२ दिवसांचा सहावा ग्रहही पक्का झाला.

ट्रॅपिस्ट-१ सुमारे ४० प्रकाशवर्षांवर आहे. त्याचं वस्तुमान सूर्याच्या ९ टक्के आणि आकार गुरूहून जेमतेम मोठा. इतक्या छोट्या ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला तरी प्रकाशात अर्ध्या टक्क्याहून अधिक घट होते, म्हणून बेल्जियमच्या मिकाएल गियों यांच्या गटानं चिलीतल्या अवघ्या ६० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीनं अशा ताऱ्यांवर पाळत ठेवली. २०१६ मध्ये त्यांनी तीन ग्रह जाहीर केले. त्या निरीक्षणांत लडाखमधल्या हानले इथल्या हिमालयन चंद्र दुर्बिणीचाही वाटा होता. तिसऱ्या ग्रहाच्या फेरीचा काळ मात्र ठरेना, कारण त्याच्या नावावर धरलेल्या सावल्या एकाच ग्रहाच्या नव्हत्या. मग स्पिट्झर दुर्बिणीनं हा तारा सलग २० दिवस पाहिला आणि गुंता सुटला. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सात ग्रह जाहीर झाले.

सातव्याचा किस्सा तर फार महत्त्वाचा आहे. स्पिट्झरला त्याची एकच सावली दिसली होती, त्यामुळे त्याच्या फेरीचा काळ अज्ञात होता. रॉड्रिगो लुगर आणि सहकाऱ्यांनी आतल्या सहा ग्रहांच्या फेऱ्यांमधली गुणोत्तरं मांडली: ८:५, ५:३, ३:२, ३:२, ४:३. साखळी अशीच पुढे चालू असेल तर सातव्याचा काळ कोणता असू शकेल, याची मोजकी उत्तरं त्यांनी काढली. के२ ची नोंद तपासली तेव्हा त्यांतलंच एक, १८.७७ दिवस, खरं ठरलं. भावंडांच्या चालीवरून न दिसलेल्या भावंडाची चाल सांगता आली. एकट्या ग्रहाच्या बाबतीत हे कधीच शक्य नव्हतं.

सातही ग्रह बुधाच्या कक्षेच्या आत मावतात. ते एकमेकांना ओढत असल्यानं प्रत्येकाची सावली कधी काही मिनिटं लवकर पडते, कधी उशिरा. हे मागेपुढे होणं वर्षानुवर्षं मोजून सातही ग्रहांची वस्तुमानं काढली गेली, तीही ताऱ्याचं डुलणं न मोजता. २०२१ मध्ये एरिक अ‍ॅगोल यांच्या गटानं दाखवलं, की सातही ग्रहांची जडणघडण विलक्षण सारखी आहे आणि पृथ्वीसारख्या मिश्रणातून अपेक्षित घनतेपेक्षा ती साधारण ८ टक्क्यांनी विरळ आहे. लोखंडाचं प्रमाण कमी असणं हे त्याचं एक संभाव्य कारण. २०२३ मध्ये वेब दुर्बिणीनं सर्वांत आतल्या ग्रहाची उष्णता मोजली, तेव्हा त्याच्यावर जाड वातावरण असल्याची काहीच खूण मिळाली नाही. एकाच ताऱ्याच्या उजेडात, वेगवेगळ्या अंतरांवर सात खडकाळ ग्रह असल्यानं वातावरण कुठे टिकतं आणि कुठे उडून जातं, हे पडताळायला याहून चांगली जागा आज तरी माहीत नाही.

५१ पेगासी आणि एचआर ८७९९: एकटा आणि चौघांचा

आता रेषेवरून थेट वर, चौकोनाच्या बाजूपर्यंत. पूर्वा भाद्रपदेच्या दोन ताऱ्यांच्या मधोमध, चौकोनाच्या किंचित बाहेर ५१ पेगासी आहे आणि किंचित आत एचआर ८७९९. दोघांमधलं अंतर पूर्णचंद्राच्या पाच व्यासांहूनही कमी. पहिला साडेपाचव्या प्रतीचा, दुसरा जेमतेम सहाव्या. मरीनातून साध्या डोळ्यांना त्यांतला एकही दिसत नाही. त्यासाठी बायनॉक्युलर हवा किंवा अल कुद्राच्या वाळवंटासारखी शहरापासून दूरची जागा. दोन्ही तारे दुबईच्या आकाशात जवळजवळ माथ्यावरून जातात. तिथे हवेचा थर सर्वांत पातळ असतो, त्यामुळे धूसर हवेतही ते शोधायला हीच वेळ उत्तम.

५१ पेगासीचा ग्रह मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी ऑक्टोबर १९९५ मध्ये जाहीर केला. गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा हा ग्रह फक्त ४.२ दिवसांत फेरी पुरी करतो. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला हा पहिला ग्रह. त्याबद्दल दोघांना २०१९ चं नोबेल मिळालं. पण त्याही आधी, १९९२ मध्ये, अलेक्झांडर वोल्शचान आणि डेल फ्रेल यांनी एका मृत ताऱ्याभोवती, म्हणजे स्पंदकाभोवती, दोन ग्रह शोधले होते. सूर्यमालेबाहेरचे खात्रीनं ओळखलेले पहिले ग्रहच मुळी जोडीनं सापडले होते.

५१ पेगासीभोवती मात्र इतक्या वर्षांत दुसरा ग्रह पक्का झालेला नाही. ताऱ्याला चिकटून फिरणारे असे तप्त गुरू बहुधा एकटेच आढळतात. दूर जन्मलेला अवजड ग्रह आत येताना वाटेतल्या लहान ग्रहांना उधळून लावत असावा, हे त्याचं एक स्पष्टीकरण. अपवादही आहेत. डब्ल्यूएएसपी-४७ या ताऱ्याच्या तप्त गुरूच्या आत-बाहेर दोन छोटे ग्रह २०१५ मध्ये सापडले. म्हणजे आत येण्याचे मार्ग एकाहून अधिक असावेत, काही धसमुसळे आणि काही शांत. इथेही शेजाऱ्यांची उपस्थिती किंवा गैरहजेरी हाच पुरावा ठरतो.

एचआर ८७९९ ही १३ नोव्हेंबर २००८ ची दुसरी घोषणा. क्रिस्तियान मारोआ यांच्या गटानं हवाईतल्या केक आणि जेमिनी दुर्बिणींनी या ताऱ्याभोवतीच्या तीन ग्रहांची थेट छायाचित्रं घेतली. २०१० मध्ये आणखी आतला चौथा ग्रह दिसला. २००८ मध्ये त्याच दिवशी जाहीर झालेला फोमलहॉटचा ठिपका विरून गेला, पण हे चौघे आजही दिसतात आणि दरवर्षी कक्षेवर थोडे पुढे सरकतात. तारा सुमारे १३३ प्रकाशवर्षांवर आणि वयानं फक्त तीन-चार कोटी वर्षांचा. ग्रह जन्माच्या उष्णतेनं अजून हजार अंशांच्या आसपास तापलेले आहेत आणि अवरक्त किरणांत स्वतःच्या तेजानं चमकतात. ताऱ्याचा झोत झाकला आणि हवेची थरथर दुरुस्त केली की ते वेगळे दिसू लागतात.

चौघांचं वस्तुमान गुरूच्या पाच ते दहापट. ताऱ्यापासून त्यांची अंतरं पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण १६, २७, ४१ आणि ७० पट. इतके अवजड ग्रह इतक्या जवळजवळ असल्यावर त्यांनी एकमेकांना केव्हाच फेकून द्यायला हवं होतं. त्यांच्या फेऱ्यांचे काळ सुमारे ५०, १००, २०० आणि ४०० हून अधिक वर्षांचे आहेत, म्हणजे जवळपास १:२:४:८. आजवरचं गणित सांगतं, की बहुधा याच अनुनादामुळे हे कुटुंब टिकून आहे. ग्लीझ ८७६ मध्ये दिवसांत चालणारी घडी इथे शतकांत चालते.

मग आपली सूर्यमाला?

या ओळीतलं एकही कुटुंब सूर्यमालेसारखं नाही. २०१८ मध्ये लॉरेन वाइस यांच्या गटानं केपलरनं पाहिलेल्या ३५५ ताऱ्यांभोवतीचे ९०९ ग्रह तपासले. त्यांना असं दिसलं, की एका ताऱ्याचे ग्रह आकारानं बहुधा एकमेकांसारखे असतात आणि त्यांच्यातली अंतरंही नियमित असतात. सूर्याकडे मात्र खडकाळ बुधापासून अजस्र गुरूपर्यंत सगळी तऱ्हा आहे. शिवाय पृथ्वी आणि नेपच्यून यांच्या मधल्या आकाराचा, इतरत्र मुबलक असणारा एकही ग्रह नाही. संख्येत सूर्याची बरोबरी करणारा पहिला तारा म्हणजे केपलर-९०. त्याचा आठवा ग्रह डिसेंबर २०१७ मध्ये संगणकाला शिकवून जुन्या नोंदींतून काढला गेला.

यावरून सूर्यमाला विरळा आहे असं लगेच ठरवणं घाईचं होईल. आपल्या पद्धती जवळून, वेगानं फिरणारे किंवा फार अवजड, तरुण ग्रह पटकन पकडतात. सूर्य दुसऱ्या एखाद्या ताऱ्यावरून पाहिला असता तर पृथ्वीची सावली वर्षातून एकदा पडली असती, तीही कक्षा नेमकी समोर आली तरच. गुरूचं पूर्ण आवर्तन मोजायला १२ वर्षं लागली असती, शनीचं २९. तीन-चार वर्षं टिकणाऱ्या मोहिमेला आपली आठजणांची माळ बहुधा रिकामीच दिसली असती. म्हणून कोणत्याही ताऱ्याभोवती आज मोजलेली ग्रहांची संख्या ही किमान संख्या समजायला हवी.

आपल्या नावांचे दोन तारे या दृष्टीनं पाहण्यासारखे आहेत. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलीय संघटनेनं शंभराव्या वर्षानिमित्त प्रत्येक देशाला एका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं नाव ठेवू दिलं. संयुक्त अरब अमिरातीनं वृश्चिकेतल्या एका लाल बटू ताऱ्याला 'शारजा' आणि त्याच्या ग्रहाला 'बराजील' हे नाव दिलं. बराजील म्हणजे आखातातल्या जुन्या घरांवरचे वारा खाली खेचून घेणारे मनोरे. भारतानं आपल्या ताऱ्याला 'बिभा' म्हटलं, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ, आणि ग्रहाला 'संतमस'. दोन्ही ताऱ्यांभोवती आजवर एकेकच ग्रह माहीत आहे. ग्लीझ ८७६ भोवतीही सुरुवातीला एकच होता, आणि ट्रॅपिस्टचा तिसरा ग्रहही आधी चुकीच्याच हिशेबात बसवला गेला होता. चिकाटीनं वर्षानुवर्षं मोजत राहणाऱ्यांनी ती दोन्ही कुटुंबं उलगडली. शारजा आणि बिभा यांच्याकडेही तशीच चिकाटीनं पाहणारी माणसं हवीत. मुंबई, पुणे किंवा दुबईत वाढणाऱ्या एखाद्या मराठी मुलीनं हे काम आयुष्यभरासाठी हाती घेतलं, तर तिला त्यात कधीच कामाची वानवा पडणार नाही.